रुक्मी, बलराम आणि युद्धापासून दूर राहण्याचा अधिकार

वर्धाकाठ (धागाकर्ता)

सर्व सभासदांना नमस्कार.

कौंडण्यपुराचे नाव निघाले की आपल्याकडे रुक्मिणीहरणाची कथा निघते आणि आषाढीला पंढरपुरास जाणाऱ्या पालखीचे बोलणे निघते. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी या कथेत केवळ अडथळा म्हणून येतो आणि रथ निघून गेल्यावर विस्मरणात जातो. महाभारताने मात्र त्याला विसरू दिलेले नाही. उद्योगपर्वात, दोन्ही सैन्ये कुरुक्षेत्री जमत असताना, हा विदर्भाचा राजा एक अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांच्या छावणीत येतो आणि भरसभेत अर्जुनाला म्हणतो की, तुला भीती वाटत असेल तर मी मदतीला आलो आहे. अर्जुन हसतो, खांडववन, घोषयात्रा आणि विराटनगरी यांची आठवण देऊन तेव्हा माझ्या मदतीला कोण होते असे विचारतो, आणि राहायचे तर राहा, जायचे तर जा, असे सांगून मोकळा होतो. रुक्मी तेथून दुर्योधनाकडे जातो, तेच बोलतो आणि तेथूनही नकार घेऊन परततो. त्यानंतर ग्रंथात एक नोंद येते, की या युद्धापासून दोघेच दूर राहिले, एक रोहिणीपुत्र बलराम आणि दुसरा रुक्मी.

बलरामाचे कारण बहुतेकांना माहीत आहे. भीम आणि दुर्योधन हे दोघेही गदाविद्येत त्याचे शिष्य होते, दोन्ही घरांशी त्याचे नाते होते आणि कुरुकुळाचा नाश डोळ्यांदेखत पाहणे त्याला शक्य नव्हते. म्हणून तो सरस्वतीकाठच्या तीर्थयात्रेला निघून गेला. रुक्मीपाशी असे कोणतेही कारण नव्हते. त्याला लढायचे होते, फक्त आपल्यावाचून कोणाचे तरी अडले आहे हे आधी ऐकायचे होते. परिणाम पाहिला तर दोघांचा सारखाच. कुरुक्षेत्रावर दोघांच्याही हातून एकही माणूस मेला नाही. मग नीतीच्या दृष्टीने या दोघांना एका पंक्तीत बसवता येईल काय?

अर्जुनही काही काळ दूर राहू पाहत होता. त्याच्याविषयी विनोबांनी जे म्हटले आहे, ते मला फार मोलाचे वाटते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांतील पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाचा दाखला आहे. त्याने आयुष्यभर अनेकांना फाशी सुनावली. पण स्वतःचा मुलगा खुनाच्या आरोपाखाली समोर उभा राहिला तेव्हा फाशीची शिक्षा किती अमानुष आहे याची त्याला आठवण झाली. अर्जुनाची युद्धविरोधी कारणे विनोबा याच जातीची मानतात. समोर स्वजन नसते, तर ती त्याला सुचलीच नसती. हे म्हणणारा माणूस युद्धाचा समर्थक नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे युद्धाविरुद्ध भाषण करून विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले आणि तुरुंगात गेले. युद्धाला विरोध हवा, पण तो मोहातून आलेला नको, असा हा कठोर निकष आहे.

माझे म्हणणे असे की, युद्धापासून दूर राहिल्याने पुण्य आपोआप पदरी पडत नाही. दूर राहणाऱ्यालाही लढणाऱ्याइतकेच कारण द्यावे लागते, आणि ते कारण खरे की खोटे हे त्यापायी तो काय सोसायला तयार आहे यावरून कळते. आज जगभरच्या युद्धांच्या बातम्या मोबाईलवर गावोगावी पोचतात. पारावर बसून कोणी कोणावर बॉम्ब टाकावा याचे सल्ले दिले जातात, आणि त्याच पारावरून दुसरा एखादा, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून उठून जातो. हे दोघेही मला रुक्मीच्या जवळचे वाटतात. आपणा सर्वांचे वाचन आणि अनुभव निरनिराळे आहेत. कृपया सविस्तर लिहावे.

घाटंजीकर

विदुराला आपण वगळले आहे. महाभारतात तो हस्तिनापुरातच राहतो आणि धृतराष्ट्राला शेवटपर्यंत सुनावत राहतो. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात मात्र दुर्योधनाने अपमान केल्यावर तो आपले धनुष्य राजवाड्याच्या दारात ठेवतो आणि तीर्थाटनाला निघून जातो. मला पहिला विदुर मोठा वाटतो. ज्या राजाच्या घरचे अन्न खायचे, त्याच्याच तोंडावर त्याची चूक सांगायची, आणि तो ऐकत नाही हे दिसत असूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायची, याला निघून जाण्यापेक्षा अधिक धैर्य लागते.

मेहकर_शिवार

वर्धाकाठ सर, धागा आवडला. पण पारावरच्या त्या दोघांबरोबर तिसऱ्याचाही विचार व्हायला हवा, आणि तो तिसरा पारावर नसतो. माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. तो सुटीवर आला की गावातली माणसे त्याला हटकून दोन गोष्टी विचारतात, तिकडे थंडी किती असते आणि तू आजवर किती मारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तो देतो. दुसरा प्रश्न आला की तो वैरण टाकायला म्हणून गोठ्याकडे जातो आणि आई विचारणाऱ्यापुढे चहाचा कप ठेवून सोयाबीनच्या भावाचा विषय काढते. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते; त्यांना त्याचा अभिमानच वाटत असतो. पण त्याच्या मनात काय चालते हे जाणून घेण्याची त्यांची तयारी नसते.

युद्ध करावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार माझ्या भावाकडे नाही. त्याच्यापुढे रोज असतो तो प्रश्न कसे लढावे आणि कोठे थांबावे हा. त्याबाबतीत धर्मग्रंथांनी जे सांगितले आहे ते मला त्यांच्या मोठ्या तत्त्वचर्चेपेक्षा अधिक जवळचे वाटते. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही पक्ष मिळून नियम ठरवतात. रथीने रथीशी लढावे आणि घोडेस्वाराने घोडेस्वाराशी. जो दुसऱ्याशी लढण्यात गुंतला आहे, ज्याने पाठ फिरवली आहे, ज्याचे शस्त्र किंवा कवच गेले आहे, त्याच्यावर प्रहार करू नये. सारथी, ओझ्याची जनावरे, शस्त्रे पोचवणारे, भेरी आणि शंख वाजवणारे यांना हात लावू नये. मनुस्मृतीचा सातवा अध्याय विषारी आणि पेटते बाण वर्ज्य मानतो. झोपलेल्याला, निःशस्त्राला, हात जोडून उभ्या राहिलेल्याला मारू नये असे सांगतो. इस्लामच्या परंपरेत पहिले खलिफा अबू बक्र यांनी सीरियाकडे निघालेल्या सेनेला दिलेला आदेश याच वळणाचा आहे. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, वस्ती उजाड करू नका, खाण्यापुरती सोडून शेळी किंवा उंट मारू नका, मठात साधनेला बसलेल्यांना त्यांच्या मार्गाने राहू द्या. फळझाडांचे ते कलम शेतकऱ्याच्या काळजाला लगेच भिडते. झाड तोडणाऱ्याला लढाई जिंकायची नसते. लढाईनंतरही समोरच्याने उभे राहू नये एवढाच त्याचा हेतू असतो.

युद्धातील वागणुकीविषयीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारांत जे शब्दबद्ध झाले, त्याचा गाभा असा फार जुना आहे. पण नियम मोडलेही तितक्याच जुन्या काळापासून जात आहेत, आणि महाभारताने ते लपवलेले नाही. खोट्या बातमीने खचून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले तेव्हा त्यांचा शिरच्छेद झाला. कर्ण रथाचे रुतलेले चाक काढत असताना मारला गेला. शेवटी अश्वत्थाम्याने रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांची कत्तल केली. तेव्हा माझा प्रश्न असा की, नियम मोडला हे सांगणारा कोण? लढणारे दोन्ही पक्ष तर आपापल्या विजयात नाही तर आपापल्या दुःखात बुडालेले असतात.

भद्रावतीची_लेक

मी जो विषय मांडणार आहे, तो आमच्या घरात अनेक वर्षे धुमसत राहिला आहे. माझे वडील येथील आयुध निर्माणीतून निवृत्त झाले. दारूगोळा तयार करणाऱ्या त्या कारखान्याच्या पगारावर आम्हा भावंडांची शिक्षणे झाली, आजोबांचे ऑपरेशन झाले, घरावर स्लॅब पडला. आमचे घर बौद्ध आहे. आजोबा १९५६ साली नागपूरला दीक्षा घेऊन आले होते. आणि अंगुत्तरनिकाय या बौद्ध ग्रंथात उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले आहेत, त्यांत शस्त्रांचा व्यापार अगदी पहिला येतो. त्याच्यामागून माणसांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा.

आमच्या गावात ही दोन्ही टोके हाकेच्या अंतरावर आहेत. विजासनच्या लेण्यात एक अरुंद बोगदा सरळ डोंगराच्या पोटात जातो आणि त्याच्या अखेरीस बुद्धाची मोठी मूर्ती बसलेली आहे. डावी-उजवीकडे फुटलेल्या वाटांच्या शेवटीही मूर्ती आहेत. आत शिरताना डोळे अंधाराला सरावेपर्यंत भिंतीला हात लावत जावे लागते. बुद्धपौर्णिमेला आम्ही तेथे जायचो, आणि दुसऱ्या दिवशी बाबा पहाटेच्या पाळीला डबा घेऊन निघायचे. मी अकरावीत असताना त्यांना हा प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, मी व्यापार करत नाही, देशाची नोकरी करतो, आणि ज्या देशाच्या घटनेने मला माणूस म्हणून उभे केले, त्याच्या रक्षणाला माझा हात लागला तर त्याची मला लाज नाही. हे उत्तर मला तेव्हा पुरेसे वाटले नाही. आजही पूर्ण पटत नाही, पण त्यातले वजन मला कळते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक ठेवते. बुद्धाची अहिंसा तत्त्व आहे, असे ते म्हणतात. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत ते अंतर करतात. याच ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण त्यांनी दिले आहे, ते या धाग्याला थेट लागू पडते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो आणि शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव त्यांच्या सभेपुढे, म्हणजे शाक्य संघापुढे, आणतो. सिद्धार्थ विरोध करतो, दोन्ही बाजूंचे दोन-दोन आणि त्यांनी निवडलेला पाचवा असे पंच नेमावेत अशी सूचना मांडतो, आणि मतदानात हरतो. सैन्यात भरती होण्यास तो नकार देतो. कुटुंबावर बहिष्कार पडू नये, त्याची जमीन जप्त होऊ नये, म्हणून तो स्वतःहून देश सोडतो. वर्धाकाठ सर ज्याला सोसायची तयारी म्हणतात, ती हीच. शिवाय तो नुसता नाही म्हणून थांबला नाही. पंचांचा पर्याय त्याने पुढे ठेवला होता. पाण्याचे तंटे आपल्याकडेही कमी नाहीत, त्यामुळे ही कथा मला फार दूरची वाटत नाही.

एक गोष्ट मात्र सर्वांना सांगावीशी वाटते. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसे गेली. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्या वेळी सीमेवर युद्ध चालू नव्हते. युद्धाचा हिशोब मांडताना या माणसांचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे, हे मला कोणत्याही धर्मग्रंथात सापडलेले नाही.

वर्धाकाठ

ताई, तुमच्या वडिलांच्या उत्तराला मी खोटे म्हणणार नाही. जैनांच्या भगवतीसूत्रात वरुण नावाच्या श्रावकाची एक कथा आहे, ती येथे ठेवतो. मगधाचा कूणिक आणि वैशालीकर यांच्यातील युद्धात वरुणाला राजाज्ञेने जावे लागते. तो महावीरांचा उपासक, व्रते पाळणारा. तो रणात उतरतो, पण जो माझ्यावर आधी प्रहार करील त्याच्यावरच मी प्रहार करीन, अशी प्रतिज्ञा करून. समोरचा योद्धा आधी बाण मारतो, वरुण प्राणांतिक जखमी होतो, मगच प्रत्युत्तर देतो; आणि रथ बाजूला नेऊन, व्रते पुन्हा उच्चारून शांतपणे देह ठेवतो. रणात मेलेला प्रत्येक जण स्वर्गाला जातो ही लोकांतली समजूत महावीर याच प्रसंगी नाकारतात. वरुणाला चांगली गती मिळाली ती त्याच्या संयमामुळे. रणांगणावर मरण आले म्हणून मिळाली नाही.

जैन विचारात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले जातात. ठरवून केलेली हिंसा सर्वथा वर्ज्य. घरकामातली, धंद्यातली आणि आक्रमणाला तोंड देताना घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, म्हणून ती शक्य तितकी कमी करायची. अहिंसेचा सर्वांत कठोर आग्रह धरणाऱ्या परंपरेनेही शेतकरी, कामगार आणि शिपाई यांना बाहेर ढकलले नाही, याचे मला मोठे महत्त्व वाटते.

धानोऱ्याचा_शिक्षक

हा सगळा धागा वाचला. चर्चा उत्तम आहे, पण ती एका गृहीतावर उभी आहे, की दूर राहायचे की नाही हे माणसाला निवडता येते. रुक्मीला दोन्ही छावण्यांनी जा म्हटले. आमच्याकडच्या, म्हणजे गडचिरोलीच्या जंगलातल्या, माणसाला कित्येक वर्षे दोन्हीकडून ये म्हटले गेले. रात्री बंदूक घेऊन आलेल्या नक्षलवाद्याला शिजवलेला भात द्यावा, तर दिवसा वर्दीतला येऊन कोणाला जेवू घातले म्हणून विचारणार. वर्दीतल्याशी दोन शब्द बोलावेत, तर रात्री खबऱ्या ठरवले जाणार. माझ्या वर्गातल्या मुलांना अनोळखी माणसाने काहीही विचारले तरी 'माहीत नाही' असे उत्तर द्यायला घरी शिकवलेले असायचे. मी नवा होतो तेव्हा, गावात किती विहिरी आहेत असे विचारले, तरी तेच उत्तर मिळाले. हल्ली दिवस पालटत आहेत, पण ती सवय इतक्यात जाणार नाही. ही तटस्थता नव्हे, जीव वाचवण्याची रीत होती, आणि तिला रुक्मीच्या शेजारी बसवणे अन्यायाचे होईल.

या संदर्भात अशोकाचा तेरावा शिलालेख वाचावा. कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख माणसे देशोधडीला लावली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट माणसे नंतर मेली, असे राजा स्वतः सांगतो आणि पश्चात्ताप व्यक्त करतो. जगाच्या इतिहासात विजेत्याने असे लिहून ठेवल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील. पण त्याच लेखात पुढे अरण्यवासी लोकांना उद्देशून सांगितले आहे, की राजाला पश्चात्ताप झालेला असला तरी त्याच्याकडे सामर्थ्य आहे, तेव्हा त्यांनी सावरावे आणि मरण ओढवून घेऊ नये. आणखी एक गोष्ट म्हणजे खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड येथे, हा तेरावा लेख कोरलेलाच नाही. तेथे त्याऐवजी वेगळे लेख आहेत, सर्व माणसे माझी लेकरे आहेत असे सांगणारे. म्हणजे ज्यांची माणसे मेली, त्यांच्यासमोर ती संख्या आणि तो पश्चात्ताप ठेवला गेला नाही. मी अशोकाला लहान ठरवत नाही. जंगलात राहणाऱ्याच्या वाट्याला शांततेच्या घोषणेतही ताकीद येते, एवढे मात्र मला तेथे दिसते.

जिनिव्हा करारांचा उल्लेख वर आला आहे. चारही करारांतील तिसरे कलम सारखेच आहे आणि ते देशांतर्गत सशस्त्र संघर्षाला लागू होते. जे लढत नाहीत त्यांना माणुसकीने वागवावे, हे बंधन ते दोन्ही पक्षांवर घालते. आमच्यासाठी कुरुक्षेत्राच्या नियमांपेक्षा ते एक कलम अधिक मोलाचे आहे.

तत्त्वज्ञान_अमरावती

गुरुजींच्या म्हणण्याला पाश्चात्त्य विचारातून एक जोड देतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य युद्धाच्या तीन अटी सांगितल्या. युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत असावी, कारण न्याय्य असावे, आणि हेतू शुद्ध असावा. पहिली अट वाचताना राजाच डोळ्यांसमोर येतो. ज्यांच्या शेतातून सैन्य जाणार, त्यांना विचारावे असे तेथे नाही. इमॅन्युएल कांट यांनी १७९५ साली चिरंतन शांततेवर जो निबंध लिहिला, त्यात ही उणीव भरून निघते. युद्धासाठी नागरिकांची संमती लागत असेल तर ते फार विचार करतील, कारण लढायचे त्यांना, कर भरायचा त्यांना आणि उद्ध्वस्त झालेले पुन्हा उभारायचे तेही त्यांनाच. राजाच्या मेजवान्या आणि शिकारी मात्र युद्धाने थांबत नाहीत, असे ते म्हणतात. शाक्यांच्या संघाने मतदान करूनही युद्धच निवडले, हे कांट यांच्या आशेला मिळालेले कठीण उत्तर आहे.

यावली_परिसर

राष्ट्रसंतांचे नाव अजून कोणी घेतले नाही, म्हणून लिहितो. तुकडोजी महाराज १९५५ साली जपानमध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला गेले होते. तेच महाराज १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी सीमेवर जाऊन जवानांपुढे खंजिरी वाजवून भजने म्हणत होते. त्याआधी १९४२ साली, झाडे आणि दगडच आपली शस्त्रे होतील अशा आशयाच्या त्यांच्या भजनाने चिमूर परिसर पेटून उठला आणि इंग्रज सरकारने त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. काही अभ्यासकांना यात विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. ज्या शेतकऱ्याचा पोरगा सीमेवर उभा आहे, त्याला महाराजांनी कधी परका मानला नाही, आणि ज्या जपानवर अणुबॉम्ब पडले तेथील माणसालाही मानला नाही. दोन्हीकडे ते स्वतः गेले.

सेवाग्राम_वाट

चिमूरचे नाव आले, तर त्यापुढचा भाग सांगणे मला आवश्यक वाटते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, आणि त्यानंतर आलेल्या फौजेने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, भयंकर अत्याचार केले. सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे होते. भन्साळींनी त्यांना चिमूरला येऊन चौकशी करण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही, तेव्हा त्यांनी उपोषण आरंभले. ते ६३ दिवस चालले. पुढे फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, अणे यांनी पदाचा राजीनामा दिला.

मेहकरच्या दादांनी विचारले आहे, की नियम मोडला हे सांगणारा कोण. मला भन्साळी आठवतात. त्यांनी अधिकाऱ्यांना मारले नव्हते आणि गावावर अत्याचारही केले नव्हते. दोन्हींपासून दूर असलेला हा माणूस, चौकशी तरी करा, एवढ्या एका मागणीसाठी देह पणाला लावून बसला. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरचे युद्धविरोधक सेवाग्रामला जमले होते. ती परिषद गांधीजी असताना व्हायची होती, त्यांच्या हत्येमुळे लांबली. या सगळ्या वारशाच्या जवळ, त्याच वर्धा जिल्ह्यात, पुलगावचे दारूगोळा भांडार आहे. भद्रावतीच्या ताईंनी घरातली जी ओढाताण लिहिली, ती आमच्या सबंध जिल्ह्याची आहे, आणि ती लपवून ठेवू नये असे मला वाटते.

वर्धाकाठ

गुरुजींनी जो भेद दाखवला, तो मला मान्य आहे. ज्याच्या हाती अक्षौहिणी आहे, त्याची तटस्थता आणि ज्याच्या हाती भाताचे ताट आहे, त्याची अगतिकता, यांना एक माप लावता येणार नाही. मी रुक्मीविषयी लिहितो ते सामर्थ्यवानांविषयी.

त्याचा शेवट या चर्चेत यायला हवा. भागवतात अनिरुद्धाच्या लग्नासाठी यादव भोजकटाला, म्हणजे रुक्मीच्या राजधानीला येतात. लग्नानंतर रुक्मी आणि बलराम द्यूत खेळायला बसतात, रुक्मी हरलेला डाव जिंकल्याचे सांगतो, बलरामाला गुरे राखणारा म्हणून हिणवतो, आणि बलराम परिघ नावाच्या गदेसारख्या शस्त्राच्या एका घावाने त्याला ठार करतो. भारतयुद्धापासून दूर राहिलेले हे दोन पुरुष. लग्नाच्या घरात, एका डावावरून, त्यांतल्या एकाने दुसऱ्याचा जीव घेतला. युद्ध टाळल्याने त्यांच्यातली हिंसा गेली नव्हती.

तरीही बलरामाला मी रुक्मीच्या पंक्तीत बसवणार नाही, आणि त्याचे कारण मेहकर_शिवार यांच्या प्रश्नात आहे. शल्यपर्वात बलराम बेचाळीस दिवसांची यात्रा संपवून परततो, तेव्हा भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध सुरू होत असते. भीम नाभीखाली, मांडीवर प्रहार करतो. सभोवती जमलेले पांडवपक्षाचे बहुतेक योद्धे आनंदात आहेत. बलराम एकटा हात वर करून धिक्कार करतो, नांगर उचलून भीमावर धावतो, कृष्ण त्याला आवरतो, आणि भीम कपटाने लढणारा म्हणूनच ओळखला जाईल असे सर्वांसमोर सांगून तो द्वारकेला निघून जातो. त्या रणावर कोणाच्याही जयात वाटा नसलेला तोच एक होता.

धानोऱ्याचा_शिक्षक

सर, बलरामाचा तो प्रसंग मोठा आहे, पण त्याच्या वेळेकडेही पाहावे. तो पोचला तेव्हा युद्धाचा अठरावा दिवस होता. अभिमन्यूला अनेकांनी मिळून घेरून मारले, द्रोण गेले, कर्ण गेला. त्यांतल्या कोणत्याही वेळी हात वर करून धिक्कार करणारा बाहेरचा माणूस तेथे नव्हता, आणि त्याच रात्री अश्वत्थामा छावणीत शिरला तेव्हाही नव्हता.

बाहेर राहणाऱ्यांकडून आमची अपेक्षा लहान आहे. गावात काही घडले की त्यांनी त्याच आठवड्यात यावे, वर्षभराने अहवाल लिहायला नव्हे. दोन्ही बाजूंनी मारलेल्यांची नावे एकाच वहीत लिहावीत. गोंडी समजणारा एक माणूस बरोबर आणावा, म्हणजे आमच्या बायकांना आपले म्हणणे तिसऱ्याच्या तोंडून सांगावे लागणार नाही. आणि मुले 'माहीत नाही' म्हणाली, तर तेही त्या वहीत उतरवून घ्यावे.